खोका कोणाचं ऐकतो

१२ जुलै, शनिवार. धुळे

कहकशाने बजावलं होतं, "काका, खोक्यात काहीही बदललं की तारीख टाकून लिहून ठेवा. नाहीतर कोणती वायर कुठे होती हे उद्या तुम्हालाच आठवणार नाही." म्हणून ही डायरी. वायरींसाठी घेतली, पण दुकानात एकटा बसलो की माणूस वायरींच्या पलीकडेही लिहायला लागतो.

खोका म्हणजे आमच्या बँड पार्टीचं नवं वाद्य. मॉड्युलर सिंथेसायझर असं त्याचं नाव आहे, पण धुळ्यात ते म्हणेपर्यंत वरात निघून जाते, म्हणून खोका. एका लाकडी पेटाऱ्यात आवाजाचे सुटे तुकडे शेजारी शेजारी बसवलेत. एक तुकडा जड आवाज काढतो, एक टाळी काढतो, एक सुरांची ओळ फिरवतो. सगळ्यांनी एका लयीत चालावं म्हणून एक तुकडा घड्याळाचा. तो टिक टिक पाठवतो आणि बाकीचे त्या टिकवर पाय टाकतात. तुकडे मागवून जोडले कहकशाने. ती नासीरची पोरगी, जळगावला इंजिनिअर झाली, तिथेच नोकरी करते.

नासीर म्हणजे आमचा ढोल. एका हातगाडीवर त्याचा ढोल आणि माझा भोंगा बांधून आम्ही दोघांनी सुरुवात केली. त्याआधी मी रेडिओच्या दुकानात झाडू मारायचो. मालक स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आत मी नुसती घरघर ऐकून सांगायचो, कंडेन्सर गेलाय. शाळेने मला नापास केलं, कानांनी पास केलं.

आता मुद्द्याचं. मे महिन्यात पिंपळनेरच्या लग्नात खोका पुढे आणि ढोल मागे असं झालं. नाचणारे थांबून आमच्याकडे बघायला लागले. तेव्हापासून डोक्यात बसलंय. आज सरावाला सगळ्यांसमोर बोलून टाकलं, "शिंदखेड्याच्या कानबाई देवीच्या मिरवणुकीपर्यंत ढोल आणि खोका एकत्र बसले तर ठीक. नाहीतर पुढच्या सीझनला ढोल घरी. ढोलाचा आवाज खोक्यातूनही निघतो."

नासीर ढोलाची कडी पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "बरं."

घरी बायकोला, रूपाला सांगितलं. म्हटलं, मी काही नासीरला बोललो नाही, ढोलाला बोललो. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "ढोल काय स्वतःच्या पायांनी घरी जातो का?"

१५ जुलै, मंगळवार

सराव वाईट. खोक्यावर मिनिटाला एकशे बारा ठोके लावले की ते रात्रंदिवस एकशे बारा. नासीर चार आवर्तनं बरोबर चालतो, मग हळूहळू मागे. मी ओरडलो, "अरे, झोपला का?" तो म्हणाला, "झुलाल, तुना खोका माले दम खाऊ देत नही."

दम खायला काय झालं? हा माणूस एकेकाळी दोंडाईच्याच्या वेशीपासून नवरीच्या मांडवापर्यंत न थांबता वाजवत जायचा.

संध्याकाळी कहकशा जळगावहून आली. म्हणे कानबाईपर्यंत सुट्टी टाकलीय. आल्या आल्या म्हणाली, "काका, मला दोन दिवस खोका द्या. घड्याळाच्या जोडण्या बदलून बघते."

म्हटलं, "घड्याळात दोष नाही. दोष तुझ्या बापात आहे."

ती हसली नाही. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर उलटा टोला देते.

१९ जुलै, शनिवार

जमलं! काय वाजलं आज! ढोल आणि खोका म्हणजे एका माणसाचे दोन पाय. नासीर ठोका देतो आणि खोक्याचा जड आवाज नेमका त्याच्याखाली येऊन बसतो. बेंजोवाला समाधान म्हणाला, "भाऊ, तुमच्या धमकीने काम केलं." मलाही तेच वाटतं. माणसाला धाक लागतोच.

कहकशाने मला पुढच्या बाजूने सगळं दाखवलं. घड्याळाची वायर जिथे होती तिथेच आहे. "मागची बाजू उघडू नका," म्हणाली. म्हटलं, मी काय नवशिका आहे? तरी, कधी वेळच आली तर म्हणून, तिने नियम सांगितले. आधी खोका बंद, मग भिंतीतली पिन बाहेर, मग दिवे पूर्ण विझेपर्यंत हात मागे. काढण्याआधी फोटो. विजेच्या पट्टीची लाल कड नेहमी खाली. उलटी बसली की तुकडा मेला. आणि सगळ्यात मोठा नियम:

"बाहेर पडणाऱ्या दोन वायरी कधी एकमेकींना जोडायच्या नाहीत. एक बोलेल, बाकीचे ऐकतील. दोन्ही बोलायला लागल्या तर दोन्हींचा गळा बसेल."

म्हटलं, "हे तर आमच्या घरालाही लागू आहे." तेव्हा हसली.

नासीर मात्र अलीकडे शेठ झालाय. ढोलाची दोरी खांद्यावर बांधायला समाधानला बोलावतो. चहा बशीत ओतून उजव्या हाताने पितो, डावा हात खिशात. म्हटलं, "शेठ, हात खिशात घालून ढोल वाजवता का आता?" म्हणाला, "थंडी शे." जुलैत! कोपराच्या खोबणीत कापूस आणि चिकटपट्टीही होती. ढोलावर कहकशाने ठोका पकडणारी चकती चिकटवलीय, तिचीच पट्टी असेल लावून घेतलेली. हौस.

२३ जुलै, बुधवार

एक गोष्ट खटकतेय.

वाजतंय छान, त्याबद्दल तक्रार नाही. पण खोका श्वास घेतोय. सलग ऐकलं तर लय थोडी उतरते, परत चढते. बाकी कुणाला कळणार नाही. समाधानला विचारलं तर म्हणाला, "भाऊ, तुमचे कान कुत्र्याचे आहेत." पण मला कळतं. यंत्राने श्वास घेऊ नये.

मग दिव्याकडे बघितलं. घड्याळाच्या तुकड्यावर लाल दिवा आहे, प्रत्येक टिकला लुकलुकतो. दिवा एकशे बारावर पक्का. जड आवाज मात्र कधी त्याच्यासोबत, कधी त्याच्या मागे. वायर घड्याळातून निघून, सगळ्या तुकड्यांना टिक पुरवणाऱ्या वाटपाच्या पट्टीत गेलेली डोळ्यांनी दिसतेय. मग टिक जातो कुठे?

वीज कमी पडते का? मीटर लावला. पुरवठा ठीक. वायर बदलली, तेच.

२५ जुलै, शुक्रवार

शिंदखेड्याहून दीपकचा फोन. तिथल्या गल्लीच्या कानबाईचं तो बघतो. "भाऊ, पोरं डीजे मागून राहिलीत. मी बायांच्या जोरावर तुमचं नाव धरून ठेवलंय. यंदा गडबड झाली तर पुढच्या वर्षी माझ्या हातात काही नाही." त्याला म्हटलं, निर्धास्त राहा. फोन ठेवला आणि खोक्याकडे बघत बसलो.

चालत्या मिरवणुकीत, जनरेटरवर, हेच घड्याळ आणखी बिघडलं तर? सगळं मातीत. आणि मी बोललेला शब्द? ढोल घरी. तेव्हा चूक खोक्याची असली तरी भोगणार नासीर. म्हणजे नासीरसाठीसुद्धा हे दुरुस्त करायलाच हवं.

२७ जुलै, रविवार

नासीरच्या घरी गेलो. अमिनाबी भाभी त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होत्या. मला बघून बाजूला झाल्या. म्हटलं, "लावा लावा, नवरदेव आहे." नासीर हसला, भाभी नाही हसल्या. आत चहा ठेवायला गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत.

कहकशाला अंगणात धरलं. "पोरी, घड्याळ बरोबर नाही."

"चांगलं वाजतंय ना, काका?"

"वाजतंय. पण दिवा वेगळं सांगतो आणि कान वेगळं."

"मग कानाचं ऐका."

"मी काय विचारतोय आणि तू काय सांगतेस?"

तिने आत बघितलं, मग माझ्याकडे. "काका, यंदा कानबाईला अब्बूंना गाडीवर बसून वाजवू द्याल?"

"ढोल कुठे बसून वाजवतात? कानबाईपुढे? बाया काय म्हणतील?"

"बरं," म्हणाली. अगदी बापासारखं.

शिकलेल्या माणसाला चूक कबूल करायला जड जातं, असं मनात म्हणत परत आलो.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज केलं.

नासीर आणि कहकशा सकाळच्या गाडीने जळगावला गेले. कॉलेजच्या कुठल्या तरी कागदाचं काम आहे म्हणे, उद्या येतील. तिच्या कागदाला बाप कशाला लागतो कोण जाणे. पण मला दुकान मोकळं मिळालं.

नियम सगळे पाळले. खोका बंद. पिन बाहेर. दिवे विझले, तरी एक विडी संपेपर्यंत थांबलो. मागची फळी उघडली, फोटो काढले. प्रत्येक वायरला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. मीटरची एक टोचणी इकडे, एक तिकडे. जिथे मीटर शिट्टी मारेल तिथे वायर पोचलेली.

आणि सापडलं! घड्याळाची वायर पुढून पट्टीत घुसलेली दिसते, पण त्या छिद्राला मागे काहीच जोडलेलं नाही. नुसता देखावा. वाटपाच्या पट्टीला टिक येतोय भलतीकडून: एक नखाएवढी सर्किटची हिरवी पाटी, तिच्यातून एक पिवळी वायर. पाटीचं दुसरं टोक ढोलाच्या चकतीच्या छिद्राला.

म्हणजे ढोलाचा ठोका थेट टिकच्या वाटेत येतोय. म्हणूनच खोका हेलकावे खातो! चकती ढोलाचा आवाज घेण्यासाठी होती, घाईत पोरीकडून वायर चुकीच्या जागी लागली असणार. चूक कोणाकडूनही होते.

घड्याळाची वायर मागून पट्टीला जोडणार होतो, हात थांबला. पिवळी तिथेच असताना घड्याळही जोडलं असतं तर बोलणाऱ्या दोन वायरी एकमेकींच्या गळ्यात. पोरीचाच नियम. आधी पिवळी काढली, टोकाला टेप गुंडाळला, बाजूला बांधली. मग घड्याळ जोडलं. लाल कड खाली, दोनदा बघितली. फळी लावली. चालू केलं.

दिवा एकशे बारा, आवाज एकशे बारा. खिळा ठोकल्यासारखं. एक ठिणगी नाही, एक तुकडा गरम नाही. या वयात हे जमलं, पाठ थोपटून घेतली.

कहकशाला आत्ता सांगणार नाही, तिचा अपमान नको. मिरवणुकीत ऐकेल तेव्हा कळेलच. गावाने डोक्यावर घेतलं की नासीरचाही प्रश्न मिटला.

३ ऑगस्ट, रविवार

गाडी भरली. घरी आज कानबाई बसली. रूपाने नैवेद्याचे रोट केले. तिला विचारलं, "काय मागितलंस?" म्हणाली, "नासीरभाऊंसाठी मागितलं." मी म्हटलं, माझ्यासाठी? ती म्हणाली, "तुमच्यासाठी कान."

माझ्यासाठी कान! गावाला माहीत आहेत माझे कान.

४ ऑगस्ट, सोमवार. शिंदखेडा

नीट लिहितो. 

कानबाई विसर्जनाला निघाली. पाटावर नथ ल्यालेला नारळ, वर ओढणी, आणि पाट दिपमालाच्या डोक्यावर. दिपमाला म्हणजे दीपकची भावजय. यंदा पहिल्यांदाच मान तिला. दोन्ही हात वर पाटाला, नजर समोर. तिचे पाय पडतात ते ढोलावर. हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. कानबाई डोक्यावर असली की बाई ढोल ऐकते, आणि ढोलवाला तिचे पाय बघतो. दोघांच्या मधे तिसरं कुणी नसतं.

मी गाडीत, छोटा हत्ती टेम्पोच्या मागच्या हौद्यात, खोक्याशेजारी. समाधान पुढे बेंजो घेऊन. नासीर खाली, कानबाईच्या समोर, ढोल गळ्यात. कहकशा बापाच्या बाजूने चालतेय.

पहिली गल्ली ठीक गेली. दुसऱ्या गल्लीत दारोदारी ओवाळायला थांबत थांबत पुढे जायचं. दिपमाला हळू झाली, नासीर तिच्यासोबत हळू झाला. खोका झाला नाही. खोका आपला एकशे बारा. भोंग्यातून जड आवाज धाडधाड पुढे निघाला आणि ढोल मागे राहिला. नासीरने त्याला गाठायचा प्रयत्न केला, जमेना. परत सोडला. परत धरला. आता दोन ताल: एक भोंग्यातून, एक ढोलातून. दिपमालाचा एक पाय याच्यावर, एक पाय त्याच्यावर. पाट डुगडुगला. नारळ एका बाजूला कलला. बाजूच्या बाया हात वर करून धावल्या. मागून एक म्हातारी ओरडली, "अरे, पाय देखा, पाय!"

कडेच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी म्हणालं, "डीजे आणाले पाहिजे व्हता."

कहकशाने वळून गाडीकडे बघितलं. दिव्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. तिला कळलं मी काय केलंय ते.  नुसती बघत राहिली, आणि त्या बघण्यात माझ्या कानांवरचा पडदा झाकणासारखा निघाला. पिवळी वायर चुकून लागलेली नव्हती. खोक्याला ढोलाच्या मागे चालायला लावलं होतं तिने. मुद्दाम. कशासाठी, हे तेव्हाही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. पण काय करायचं ते शिरलं.

घाईत हात घालायचा मोह झाला. खोका चालू ठेवून फळी उघडायची, दोन वायरी इकडच्या तिकडे करायच्या, किती वेळ लागणार? पण गाडी हलतेय, विजेची पट्टी शेजारीच. टोक घसरलं तर सगळे तुकडे एकदम जळणार, आणि मग आज ना खोका ना उद्या. मी जनरेटरची पिन ओढली.

भोंगा मुका झाला. सगळी गल्ली एकदम गप्प. समाधानने घाबरून बेंजो थांबवला. उरला फक्त ढोल.

दिवे विझायची वाट बघत मी मान वर केली आणि नासीरकडे बघितलं. महिनाभर मी खोक्याकडेच बघत होतो, त्याच्याकडे आज बघितलं. डाव्या हाताची काडी रुमालाने मनगटाला बांधलेली. तो हात नुसता ढोलावर टेकवलेला, उचलत नव्हता. सगळं उजव्या हाताने चाललं होतं. एकटा उजवा हात, घुम आणि टाण दोन्ही बाजू एकाच्या अंगावर, म्हणून जरा उशीर होत होता. तेवढाच उशीर मला खोक्याचा श्वास वाटला होता.

खिशातला हात. दोरी. बटणं. कोपरावरची पट्टी. जळगाव.

फळी उघडून मी वायरींवर वाकलो. घड्याळाची वायर आधी काढली.  कहकशा हौद्यात चढली, फळी धरून उभी राहिली. पिवळीवरचा टेप सोडला, पट्टीत बसवली. दोघांनी लाल कड बघितली. "खाली," ती म्हणाली. "खाली," मी म्हटलं.

तोवर बाहेर काय झालं ते मी फक्त ऐकलं. ढोल एकटा असला तरी थांबला नाही. दिपमालाचे पैंजण त्याच्यावर परत नीट बसले. मग बायांनी टाळ्या धरल्या, मग कानबाईचं गाणं धरलं, भोंग्याविना. मुकी गल्ली पुन्हा भरली.

पिन लावली. नासीरच्या ठोक्यासोबत जड आवाज त्याच्याखाली सरकला, हळूच, रात्री उशिरा आलेला माणूस कुणाला न उठवता अंथरुणात शिरतो तसा. नासीर दारापुढे हळू झाला, खोका हळू झाला. नासीर चौकात चढला, खोका चढला. पोरं शिट्ट्या विसरून नाचायला लागली. नदीपर्यंत तसंच.

नदीवर दिपमालाने पाट उतरवला आणि पहिल्यांदा नासीरकडे बघून हात जोडले. म्हणाली, "दादा, तुमीन पाय धरी ठेवात मना."

६ ऑगस्ट, बुधवार. धुळे

 आज भाभींकडे गेलो. त्यांनीच सांगितलं. उन्हाळ्यात एका सकाळी नासीर उठले तेव्हा त्यांच्या डाव्या हातातून कप पडला. जळगावचे डॉक्टर म्हणतात, व्यायामाने थोडी ताकद परत येईल, पूर्वीसारखी नाही. "हे तुम्हाला सांगू नका म्हणाले. तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात ना, मग तर अजिबातच नको म्हणाले."

 चहा तसाच ठेवून उठलो.

दुकानात आलो. एक जुनी पिन घेतली, तिची वायर कापून टाकली, आणि नुसती पिन घड्याळाचा टिक जिथून बाहेर पडतो त्या छिद्रात बसवली. आता तिथे कुणाला वायर लावायची असेल तर आधी मला विचारावं लागेल. डायरीत नोंद: घड्याळाचं तोंड बंद. टिक ढोलाकडून. बदलू नये.

संध्याकाळी सरावाला नासीर आला. खोक्यावरची पिन त्याला लगेच दिसली.

"हाई काय शे?"

"काही नाही. धूळ जाते आत."

त्याने पिन बोटाने चाचपली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुले कव्हय समजनं?"

"नदीच्या अलीकडे."

"उशीर व्हयना."

"हो," म्हटलं. "माझे कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत."

तो हसला. म्हणाला, "मंग? ढोल घर लई जाऊ?"

"ने की. पण खोकाही ने सोबत. तुझ्याशिवाय तो तोंड उघडत नाही."

डावा हात त्याने खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. पहिल्यांदाच, माझ्यासमोर. मी तिकडे बघितलं नाही, वायरी गुंडाळत राहिलो.

सगळे जमले. नासीरने ढोल उचलला आणि दोरीसाठी समाधानला हाक मारायला वळला. मी मधे गेलो. दोरी हातात घेतली.

"शेठ," म्हटलं, "खांदा जरा खाली घ्या."